पोलिसाविरुद्धची किरकोळ तक्रार : आवक शिक्क्यापासून ‘दप्तरी दाखल’पर्यंत

मागच्या वर्षी मे महिन्यात माझ्या वडिलांचा मोबाइल शहर बसमध्ये कुठेतरी पडला. त्यांचे वय ७८. दुबार सिम कार्ड घ्यायचे आणि हरवलेला फोन केंद्र सरकारच्या सीईआयआर प्रणालीत बंद करून घ्यायचा, तर पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत लागते, म्हणून ते एकटेच जवळच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथे ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर त्यांना पावणेतीन तास बसवून ठेवण्यात आले. दोनदा उठून त्यांनी चौकशी केली, पहिल्यांदा टेबलामागच्या हवालदाराने मोबाइलमधून मान वर केली नाही आणि दुसऱ्यांदा, “फोनच गेलाय ना आजोबा, जीव तर नाही ना गेला?” असे उत्तर दिले. त्याच्या छातीवर नावाची पट्टी नव्हती. बाबांनी बक्कल नंबर विचारला, तेव्हा “नंबर घेऊन काय लोणचं घालणार?” असे तो म्हणाला आणि शेजारी उभे असलेले दोघे हसले. शेवटी काम झाले, परंतु झेरॉक्स बाहेरून स्वतःच काढून आणावी लागली.

मारहाण नाही, लाच नाही, बेकायदा अटक नाही. पोलीस खात्याच्या भाषेत हा ‘किरकोळ कसूर’ होय, आणि अशा किरकोळ कसुराची तक्रार करण्याची जी सोय शासनाने नागरिकांना दिलेली आहे, तिचा हा अभिप्राय आहे. मी ती सोय सात-आठ महिने सर्व टप्प्यांवर वापरली. शहराचे आणि ठाण्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण माझे म्हणणे त्या एका टेबलापुरते नाही.

प्रथम चांगले सांगतो. तक्रार दाखल करणे अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. वरिष्ठ कार्यालयाच्या आवक-जावक विभागात दोन प्रती घेऊन गेलो, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक मिळाला, कोणी “कशाला भानगडीत पडता” असे म्हटले नाही. अर्जात मी एक वाक्य आवर्जून घातले होते, ते म्हणजे त्या दिवशीचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर निदान वर्षभर, साठवून ठेवण्याचा आदेश दिलेला आहे. हा आदेश कोठडीतल्या छळाच्या संदर्भात आला असला, तरी बाकावर ताटकळत बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही तो उपयोगी पडतो.

तेविसाव्या दिवशी जबाबासाठी बोलावणे आले. चौकशी अधिकारी सहायक निरीक्षक दर्जाचे, तरुण आणि अत्यंत सभ्य होते. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, पाणी दिले, स्वतः उठून पंख्याची दिशा बदलली आणि जबाब टंकलिखित करायला घेतला. “मी समक्ष विचारलेवरून जबाब देतो की,” अशी सुरुवात झाल्यावर बाबांच्या तोंडची वाक्ये एकेक करून सरकारी मराठीत शिरू लागली. “जीव तर नाही ना गेला?” याचे “सदर अंमलदार यांनी माझेशी उद्धट वर्तन केले” असे झाले, लोणच्याचा उल्लेख तर पूर्णच गळाला. बाबा आयुष्यभर भूमापन खात्यात कारकून होते, त्यामुळे त्यांनी शांतपणे सांगितले की साहेब, शब्द होते तसेच लिहा, नाहीतर ‘उद्धट’ म्हणजे काय हे वाचणाऱ्याला कळणार नाही. अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि लोणचे परत आणले. या एका गोष्टीसाठी मी त्या चौकशी अधिकाऱ्यांना पूर्ण गुण देतो. त्यांनी चित्रणही पाहिले होते. ते पाहून त्यांनाच संकोचल्यासारखे झाले असावे, असे त्यांच्या बोलण्यावरून वाटले.

यानंतर मात्र ही सेवा घसरते. सप्टेंबरच्या अखेरीस एक पत्र आले : आपले तक्रारी अर्जाचे अनुषंगाने चौकशी करण्यात आली असून संबंधितांवर नियमाप्रमाणे योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे, सबब आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. ‘दप्तरी दाखल’ म्हणजे प्रकरण बंद. बाबांनी ते पत्र दोनदा वाचले आणि विचारले, “म्हणजे चूक त्याची होती, हे मान्य केलंय की नाही?” मला उत्तर देता आले नाही. ‘कार्यवाही’ झाली आहे म्हणजे चूक झाली असणार, असा तर्क करता येतो. पण ज्याचा अपमान झाला त्याने तो तर्क स्वतःच लढवून समाधान मानावे, अशी या पत्राची रचना आहे.

मग मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला आणि कोणती कार्यवाही झाली एवढेच विचारले. उत्तर नकाराचे आले, आणि दुर्दैवाने ते कायद्याला धरून होते. गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली असे ठरवले की एखाद्या कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षा ही त्याच्या आणि त्याच्या मालकाच्या, म्हणजे शासनाच्या, दरम्यानची बाब आहे. मोठे सार्वजनिक हित दाखवता आले नाही तर ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारता येते, असेही त्या निकालात होते. हे प्रकरणही मूळ आपल्याकडचेच, अकोल्यात नेमणुकीला असलेल्या एका केंद्रीय अधिकाऱ्याच्या संदर्भातले. वीस रुपयांचे तिकीट लावून प्रथम अपील केले, तिथेही तेच उत्तर मिळाले. तक्रारदार हा त्या प्रकरणातला पक्षकार नसून केवळ बातमी देणारा आहे, अशी ही एकूण समजूत आहे. माझ्या मते या सेवेतला सर्वांत मोठा दोष हाच.

काय शिक्षा झाली असेल, याचा अंदाज आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका निवृत्त फौजदारांनी सांगितला. ते म्हणाले, “ताकीद दिली असेल. फार तर वर्षाची वेतनवाढ रोखली असेल. कवायत तर नाहीच, कारण तो हवालदार आहे.” या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला कळला नाही, म्हणून मी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ काढून बसलो. कलम २५ मध्ये पोलीस निरीक्षक आणि त्याखालच्या सर्वांना देता येणाऱ्या शिक्षा आहेत. निलंबन, पदावनती, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढणे आणि बडतर्फी या जड शिक्षांनंतर हलक्या शिक्षांचे एक पोटकलम येते, त्यात ताकीद, सेवापुस्तकात नोंदला जाणारा ठपका, जादा कवायत, महिन्याच्या पगारापर्यंतचा दंड आणि वेतनवाढ रोखणे एवढेच आहे. त्याखाली परंतुक, म्हणजे अपवादाची अट, असे, की जादा कवायत शिपायाच्या वरच्या दर्जाच्या कोणालाही देता येणार नाही आणि दंड निरीक्षकाला करता येणार नाही. म्हणजे तोच उर्मटपणा शिपायाने केला तर त्याला मैदानात पळवता येते, हवालदाराने केला तर त्याच्या खिशाला हात घालता येतो आणि निरीक्षकाने केला तर ताकीद, ठपका किंवा वेतनवाढ यांवर भागवावे लागते. निवृत्त फौजदारांना हे सारे पाठ होते, आणि त्यात काही वावगे आहे असेही त्यांना वाटत नव्हते.

कवायत ही शिक्षा येते कुठून, हेही पाहिले. ब्रिटिशांच्या १८६१ च्या पोलीस कायद्याच्या सातव्या कलमात महिन्याच्या पगारापर्यंत दंड, पंधरा दिवसांपर्यंत राहत्या जागेत अडकवून ठेवणे आणि सोबत शिक्षेची कवायत, जादा पहारा, अंगमेहनतीचे काम असा क्रम आहे. ही पलटणीची शिस्त आहे. तिचा हेतू शिपायाने साहेबाची आज्ञा पाळावी एवढाच होता. शिपायाने बाकावरच्या माणसाशी नीट बोलावे, हा प्रश्नच त्या कायद्यापुढे नव्हता. दीडशेहून अधिक वर्षांनी हत्यारे तीच आहेत आणि अपेक्षा मात्र बदलली आहे. मैदानाला दहा फेऱ्या मारून आलेला शिपाई अधिक चपळ होईल. तो अधिक सौजन्याने बोलू लागेल, याची शाश्वती कोणी द्यावी?

कोणी म्हणेल की त्यासाठी पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. आहे खरे, पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंह प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २२ सप्टेंबर २००६ च्या निकालानंतर, आठ वर्षांनी का होईना, महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून राज्य आणि विभागीय पातळीवर ही प्राधिकरणे आणली. परंतु त्यांचे काम कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, कार्यपद्धती न पाळता केलेली अटक, खंडणी, घर किंवा जमीन बळकावणे अशा मोठ्या आरोपांचे आहे. लोणच्याच्या तक्रारीसाठी तिथे जाणे म्हणजे ठेच लागली म्हणून शस्त्रक्रियेला नाव नोंदवणे होय. मोठ्या गुन्ह्यासाठी दार आहे. छोट्या अपमानासाठी मात्र ज्याच्या माणसाने अपमान केला त्याच्याच साहेबाचे दार ठोठवावे लागते.

या सेवेत काय बदलावे, याचा विचार करताना मला आठवले ते क्रिकेट. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने सप्टेंबर २०१६ पासून खेळाडूंसाठी डिमेरिट गुणांची पद्धत सुरू केली. पंचाच्या निर्णयावर नाराजी दाखवणे, स्टंपवर बॅट आपटणे अशा पहिल्या पातळीच्या कसुराला ताकीद किंवा मानधनातली कपात आणि एक किंवा दोन डिमेरिट गुण. चोवीस महिन्यांत चार गुण साठले की त्यांचे रूपांतर निलंबनात होते, आणि चोवीस महिने उलटले की जुना गुण पुसला जातो. शिक्षा लहान ठेवायची पण मोजणी सोडायची नाही, हे या पद्धतीचे मर्म आहे. खेळाडू, त्याचे चाहते आणि समोरचा संघ या सगळ्यांना लगेच कळते की किती गुण लागले आणि कशासाठी. आपल्या ठाण्यांत याच्या नेमके उलट चालते : प्रत्येक ताकीद ही जणू पहिलीच ताकीद असते. सेवापुस्तकातली नोंद कागदावर राहते, पण ती किती साठल्यावर काय होईल याचे गणित बाहेरच्या कोणालाच माहीत नसल्याने, सारे साहेबाच्या मर्जीवर राहते.

दुसरी गोष्ट समाजसेवेची. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण जिवांचा बळी गेल्यावर अल्पवयीन चालकाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांसोबत काम अशा अटी घातल्या होत्या, तेव्हापासून मराठी माणसाला ‘समाजसेवेची शिक्षा’ म्हटले की हसू तरी येते, नाहीतर संताप तरी. (सरकारला माहिती विचारण्याच्या अर्जाला मात्र महाराष्ट्रात १५० शब्दांची मर्यादा आहे.) दोन मृत्यूंच्या तराजूत तो निबंध हलका पडला, हे उघडच होते. पण म्हणून ही शिक्षाच टाकाऊ ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही रीतसर शिक्षा म्हणून आली आहे. पाच हजार रुपयांच्या आतली पहिली चोरी आणि त्या वस्तूची परतफेड, दारू पिऊन सार्वजनिक जागी गोंधळ, अब्रुनुकसानी, इतकेच काय, सरकारी नोकराने बेकायदा धंदा करणे, यांनाही ती देता येते. म्हणजे चार हजारांची सायकल चोरून परत करणाऱ्याला जी शिक्षा न्यायालय देऊ शकते, ती त्याची फिर्याद लिहून घेताना फिर्यादीचा पाणउतारा करणाऱ्या अंमलदाराला खाते देऊ शकत नाही, कारण पोलीस अधिनियमाच्या पोटकलमात तो शब्दच नाही.

माझ्या मनातली सेवा रस्ता झाडण्याची नाही. गणवेशातल्या माणसाच्या हाती चौकात झाडू देऊन त्याची छायाचित्रे काढणे हा सूड होईल, आणि त्याचा राग तो पुढच्या आजोबांवरच काढील. त्या हवालदाराला चार रविवार त्याच ठाण्याच्या त्याच बाकावर, नावाची पट्टी लावून, साध्या टेबलाशी बसवावे आणि आलेल्या ज्येष्ठ नागरिकांचे हरवल्याचे अर्ज त्याने स्वतःच्या अक्षरात भरून द्यावेत, झेरॉक्ससह. त्यातल्या तीन-चार जणांना डोळ्याला कमी दिसत असेल, एखाद्याला पासवर्ड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागेल, एखादी आजी फोनऐवजी सुनेबद्दलच बोलत बसेल. कसूर जिथे घडला तिथेच भरपाई व्हावी, एवढाच यातला मुद्दा. इंग्लंड आणि वेल्समध्ये फेब्रुवारी २०२० पासून अशा लहान चुका शिस्तभंगाच्या कारवाईतून वेगळ्या काढून, अधिकाऱ्याने आपल्या वरिष्ठासमोर बसून काय चुकले आणि पुढे काय बदलेल हे मांडायचे, अशी पद्धत आणलेली आहे. ती मला थोडी मवाळ वाटते, पण आपल्या ‘दप्तरी दाखल’पेक्षा तिच्यात विचार अधिक आहे.

निवृत्त फौजदारांनी या सगळ्यावर जे आक्षेप घेतले, ते मी टाळू शकत नाही. पहिला आक्षेप वेळेचा. मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा त्याची बातमी झाली, यातच बाकीचे पोलीस किती तास उभे असतात ते आले. गणपती, निवडणूक, नेत्यांचे दौरे असा बंदोबस्त लागोपाठ करणाऱ्या माणसाचा उरलेला रविवारही काढून घेणे म्हणजे शिक्षेच्या नावाखाली वेठबिगारी, असे ते म्हणाले. न्यूयॉर्कच्या पोलिसांत हक्काच्या रजेचे दिवस कापण्याची शिक्षा आहे, हे मी सांगितल्यावर ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, “आमच्याकडे कापायला आधी रजा मिळायला तर हवी.” तेव्हा ही सेवा ड्यूटीच्या तासांतच बसवावी लागेल, हे मला मान्य करावे लागले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. पोलिसांना असे डिमेरिट गुण कोण लावणार? साहेबच. ज्याने साहेबांच्या घरची कामे करायला नकार दिला, त्याच्या खात्यात आठवड्याभरात चार गुण जमा होतील आणि जो मर्जीतला आहे तो पाटी कोरी ठेवून निवृत्त होईल. मुंबईतल्या ऑगस्ट १९८२ च्या पोलीस आंदोलनानंतर शिपायांच्या संघटनेची मान्यता गेली, त्यामुळे अशा अन्यायाविरुद्ध सामूहिकपणे बोलणारे कोणी उरलेले नाही. म्हणूनच गुण लागण्याचे कारण लेखी असावे, त्यावर अपील असावे, मुदत संपल्यावर तो पुसला जावा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निरीक्षकालाही तो लागावा, असे मला वाटते. कवायतीसारखे परंतुक इथेही आले, तर पुन्हा शिपायाच्याच पाठीवर काठी.

जाता जाता बदलीच्या शिक्षेबद्दलही बोलले पाहिजे, कारण बाबांना ओळखीच्या तिघांनी “त्याची गडचिरोलीला बदली मागा” असाच सल्ला दिला होता. हा सल्ला देणाऱ्यांनी गडचिरोलीच्या माणसांचा काय गुन्हा, याचा कधी विचार केलेला नसतो. उर्मट माणूस एका बाकासमोरून उचलून दुसऱ्या बाकासमोर ठेवला, यात कोणाचे भले झाले? मुख्यालयाला जमा केला तरी तेच. तिथे त्याला जनता भेटतच नाही, आणि जनतेशी वागण्याची चूक जनतेपासून दूर ठेवून सुधारता येत नाही.

तर पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास, तक्रार स्वीकारण्याला चार, चौकशीला साडेचार, आणि निकाल कळवण्याच्या पद्धतीला अर्धा गुण मी देईन, तोही पत्रावर स्वाक्षरी करणाऱ्याने हुद्दा स्पष्ट लिहिला होता म्हणून. ज्यांना ही सेवा वापरायची असेल त्यांनी आवक क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवावे, चित्रण जपण्याची मागणी पहिल्याच अर्जात करावी, जबाबात आपले शब्द आपल्याच भाषेत राहतील हे पाहावे आणि टंकलिखित प्रत मागून घ्यावी. विशिष्ट कर्मचाऱ्याला काय शिक्षा झाली, हे विचारण्यात माझ्यासारखे तीस रुपये घालवू नयेत. त्याऐवजी, त्या ठाण्याच्या हद्दीत गेल्या तीन वर्षांत गैरवर्तनाचे किती अर्ज आले, त्यांपैकी किती दप्तरी दाखल झाले, किती जणांना ताकीद, किती जणांना दंड आणि किती शिपायांना जादा कवायत, असे आकडेच विचारावेत. कोणाचेही नाव न विचारता मागितलेल्या बेरजेला वैयक्तिक माहिती म्हणणे अवघड आहे. तसा अर्ज मी ३ तारखेला दिला आहे. बाबांनी स्वतः तो लिहून काढला, शब्द मोजले, ते १४२ भरले. तीस दिवसांची मुदत पुढच्या आठवड्यात संपते आहे.